फळाचा अधिकार आणि फळाविषयीचे सत्य

वकीलपत्रावर पक्षकाराची सही होते त्या क्षणी दोन माणसांमध्ये एक विलक्षण नाते सुरू होते. वकीलपत्र म्हणजे न्यायालयापुढे आपल्या वतीने उभे राहण्याचा, अर्ज देण्याचा आणि काम चालवण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेख. तो देणाऱ्याला निकाल हवा असतो आणि घेणाऱ्याच्या हाती फक्त काम करणे असते. निकाल देणारा तिसराच असतो आणि त्याच्यावर या दोघांपैकी कोणाचीही सत्ता चालत नाही. अशा नात्यात पक्षकाराने किती आशा धरावी, वकिलाने ती किती वाढू द्यावी आणि कोठे रोखावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यावसायिक शिष्टाचाराचा वाटतो; पण मुळाशी गेले की तो कर्म आणि फळ यांच्या संबंधाचा आणि सत्य व दिलासा यांच्यातील ताणाचा, म्हणजे भारतीय तत्त्वचिंतनाने शतकानुशतके चर्चिलेलाच प्रश्न असल्याचे दिसते. फळावर ज्याचा अधिकार नाही, त्याच्यावर फळाविषयी खरे बोलण्याचे बंधन अधिकच कडक असते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा एका मुलखात उतरवून पाहणे उचित ठरेल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस आणि हळद पिकवणाऱ्या या भागात दिवाणी दाव्याचा विषय बहुधा जमीन हाच असतो: भावाभावांतली वाटणी, बांध कोरल्याची तक्रार, साठेखत होऊनही न झालेले खरेदीखत, फेरफारात गाळले गेलेले बहिणीचे नाव, आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर किंवा पैनगंगेवरील इसापूर यांसारख्या धरणांसाठी व त्यांच्या कालव्यांसाठी झालेले भूसंपादन. निजामी अमदानीतील जुन्या नोंदी आणि त्यानंतरचा १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा यांमुळे जमिनीच्या हक्काचा माग काढणे अनेकदा अवघड होऊन बसते. अशा जमिनीवर घराची पत, मुलीचे लग्न आणि सावकाराचे देणे टांगलेले असल्यामुळे पक्षकार कचेरीची पायरी चढतो तो आपल्या हक्काबरोबर सगळ्या घराची आस घेऊन चढतो, आणि फी ठरण्याच्या आधीच त्याच्या तोंडून प्रश्न येतो: "साहेब, आपलं काम होईल ना?" त्याला मिळणारे रूढ उत्तरही ठरलेले आहे: "काही काळजी करू नका." या चार शब्दांत खोटे असे काही नाही, खरे असेही काही नाही, तरी ऐकणारा त्यांना वचन समजून गावी परततो.

याच जिल्ह्यात आशेला रीतसर रूप देणारी एक धार्मिक प्रथा आहे आणि तिच्याशी तुलना केली असता वकिलीच्या एका नियमाचा अर्थ उजळतो. हिंगोलीचा चिंतामणी गणपती नवसाला पावणारा म्हणून प्रसिद्ध असून अनंत चतुर्दशीला नवसाचा मोदक घेण्यासाठी तेथे दूरदूरहून भाविक येतात; मोदक नेताना मनात इच्छा धरायची आणि ती पुरी झाली की मोदक वाहून नवस फेडायचा, अशी रीत आहे. नवस म्हणजे फळ मिळाल्यावर चुकते करायचे देणे. देवापुढे माणूस जे बोलू शकतो तेच वकिलापुढे बोलायला मात्र कायदा मनाई करतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या व्यावसायिक आचारनियमांतील विसाव्या नियमानुसार वकिलाने आपली फी खटल्याच्या निकालावर अवलंबून ठेवू नये आणि पक्षकाराला मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचे कबूल करू नये. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात असा करार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. तो निर्णय देताना न्यायालयाने हेही नोंदवले की, वकील नसलेल्या माणसाने असा करार केला तर केवळ तेवढ्यावरून तो अनैतिक किंवा लोकहितविरोधी ठरत नाही. म्हणजे दोष वाट्याच्या करारात नसून तो करणाऱ्याच्या स्थानात आहे. देवाला निकालात स्वतःसाठी काही मिळवायचे नसते, म्हणून त्याच्याशी केलेला नवस त्याची दृष्टी गढूळ करत नाही. वकिलाला मात्र मिळवायचे असते, आणि एकदा त्याचा वाटा निकालात अडकला की पक्षकाराला तडजोड केव्हा करावी, अपील करावे की नाही, हे सांगताना त्याचा सल्ला स्वतःच्या गरजेकडे झुकू लागतो.

या नियमाला असलेला आक्षेप हलका नाही. ज्या शेतकऱ्याकडे आज फी द्यायला पैसे नाहीत पण ज्याची जमीन कवडीमोलाने संपादित झाली आहे, त्याला वाढीव मोबदल्यातून फी कापून घेणारा वकील परवडतो. अमेरिकेसह काही देशांत विशिष्ट प्रकारच्या दाव्यांत अशी फी मान्यही आहे. नियम पाळणाऱ्या वकिलाकडे हा शेतकरी पोचतच नसेल तर नियमाचे पावित्र्य त्याच्या काय कामाचे, असे विचारता येईल. याचे उत्तर नियम सैल करण्यात नसून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खरोखर पोचवण्यात आहे. त्या कायद्याच्या बाराव्या कलमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ज्या जिल्ह्यात हा हक्क कागदावर राहील तेथे विसावा नियम गरिबाला दार बंद करणाराच वाटेल, हे मान्य करायला हवे.

विसावा नियम एका अर्थाने भगवद्गीतेच्या कर्मविचाराचे व्यवहारातले रूप आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्माचा अधिकार आणि फळाचा अधिकार यांत जी रेषा ओढली आहे, तीच हा नियम वकिलाच्या फीमध्ये ओढतो. पण गीतेच्या या शिकवणीचा एक सोयीस्कर वापरही होतो आणि वकिलीच्या क्षेत्रात तो विशेष घातक आहे. 'निकाल आपल्या हाती कुठे असतो' हे वाक्य काम घेताना उच्चारले तर ते नम्रतेचे असते. हरल्यानंतर पहिल्यांदाच उच्चारले तर ती पळवाट होते. लोकमान्य टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी या गोंधळावर नेमके बोट ठेवले आहे. फलाशा सोडणे म्हणजे फळावरील आसक्ती सोडणे. कर्माचा हेतू काय, परिणाम काय होईल, त्याचा विचार सोडणे नव्हे, असा त्यांचा आग्रह आहे. हा विचार वकिलीला लावला तर अनासक्त वकील तो, ज्याने निकालाचा अंदाज इतरांपेक्षा जास्त काळजीपूर्वक बांधला आहे. कारण त्या अंदाजात त्याचा स्वतःचा लोभ मिसळलेला नाही.

अंदाज बांधायचा कसा, याचा आराखडाही गीतेतच सापडतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पारंपरिक भाष्यांत अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे जीव, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे निरनिराळे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता किंवा अदृष्ट, असा अर्थ दिलेला आहे. ज्ञानदेवांनी आपल्या भाष्यात या पाचांचा विस्तार फार रसाळपणे केला आहे. या पाचांनंतर लगेच असे सांगितले आहे की, एवढी कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय. ही मांडणी दाव्यावर पसरून पाहण्यास हरकत नसावी. दाव्याचे अधिष्ठान म्हणजे नोंदी आणि घडलेली हकिकत. कर्ता म्हणजे पक्षकार व त्याचा वकील. करण म्हणजे साक्षीदार आणि दस्तऐवज. चेष्टा म्हणजे विरुद्ध बाजूचे डावपेच, उलटतपासणी, न्यायालयापुढील कामाचा रेटा. आणि या चारांत न बसणारे सगळे, म्हणजे साक्षीदाराचा मृत्यू, कायद्यातला बदल, न्यायाधीशांची बदली, हे दैव. 'केस जिंकून देतो' म्हणणारा वकील पाचांपैकी एका कारणाला पाचही कारणांच्या जागी बसवतो. त्याचे बोलणे नैतिकदृष्ट्या चूक आहेच, पण त्याआधी ते वस्तुस्थितीचे चुकीचे वर्णन आहे.

आशा आणि वस्तुस्थिती यांतले अंतर कोठे पडते, हे दोन उदाहरणांवरून जवळून पाहता येईल. पहिले उदाहरण वाटणीच्या दाव्याचे. अशा दाव्यात हिस्सा ठरवणारा हुकूमनामा झाला की पक्षकार पेढे वाटतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे जमीन मिळाली. वास्तविक शेतसारा भरणाऱ्या जमिनीच्या बाबतीत न्यायालय फक्त प्रत्येकाचा हिस्सा जाहीर करते; जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडून ताबा देण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमानुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. म्हणजे पेढे वाटल्यानंतर कागद महसूल खात्याकडे जातात, मोजणी होते, विहीर कोणाच्या बाजूला आणि रस्ता कोणाच्या वाट्यातून यावर हरकती येतात, आणि या सगळ्यातून पार पडल्यावर बांध पडतो. ही वाट दावा दाखल करतानाच सांगितली असती तर पक्षकाराला ती लांब वाटली असती. न सांगितल्यामुळे ती त्याला फसवणूक वाटते.

दुसरे उदाहरण वाढीव मोबदल्याचे. भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या अठराव्या कलमाखाली मोबदला वाढवून मागण्याचा जो संदर्भअर्ज होई, त्यात न्यायालयाने बाजारभाव वाढवला तर त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम आणि ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के व पुढे १५ टक्के दराने व्याज मिळण्याची तरतूद होती; २०१३ च्या नव्या कायद्याने दिलासा रक्कम १०० टक्के केली. हे आकडे गावात फार लवकर पसरतात, पण ज्या बाजारभावावर ते उभे राहतात तो कसा ठरतो हे पसरत नाही. शेजारच्या गावाला जो भाव मिळाला तोच आपल्याला मिळणार, अशी प्रत्येकाची खात्री असते. न्यायालय मात्र जमीन जिरायत की बागायत, गावठाण व रस्ता किती दूर, संपादनाच्या सुमारास आसपास झालेल्या खरेदीखतांत काय भाव आहे, हे पाहते. शिवाय वाढीव रकमेविरुद्ध सरकार वरच्या न्यायालयात अपील करू शकते आणि तोवर रक्कम अडकून पडू शकते. व्याजाच्या आकड्यावर भरवसा ठेवून ट्रॅक्टरचा हप्ता उचललेल्या माणसाला ही शक्यता वेळेवर कळली पाहिजे होती.

अप्रिय सत्य सांगावे कसे, याबाबत आपल्या परंपरेतच दोन निराळे सूर ऐकू येतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना ते बोलणे कोणाला न दुखवणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, अशा चार अटी एकत्र घातल्या आहेत. वकिलाच्या खोलीत मात्र या चार अटी नेहमी एकत्र नांदत नाहीत. सत्य व हितकर बोलायचे तर प्रियता सोडावी लागते. येथे पाली वाङ्मयातील अभयराजकुमार सुत्त अधिक उपयोगी पडते. तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा पेचाचा प्रश्न राजकुमाराने केला असता बुद्धांनी त्याला प्रतिप्रश्न केला की, मांडीवरच्या लहान मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील. आणि रक्त निघाले तरी बोट घालून तो काढीन, असे राजकुमाराने उत्तर दिले. त्यावरून जो निकष निघतो तो असा की, बोलणे खरे आणि हिताचे असेल तर ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे, आणि खोटे किंवा अहिताचे असेल तर ते प्रिय असले तरी बोलू नये. प्रियता ही अट येथे गळते आणि तिची जागा वेळेची जाण घेते. मराठवाड्यातील ज्या समाजाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग धम्म स्वीकारला, त्याला सम्यक वाणी हे अष्टांगिक मार्गातील अंग परके नाही. बाबासाहेब स्वतः मुंबईत वकिली केलेले होते, ही गोष्टही येथे आठवण्यासारखी आहे. वकिलासाठी योग्य वेळ म्हणजे बहुतेकदा पहिली भेट. त्या भेटीत प्रकरणाची कच्ची बाजू सांगितली तर फार तर पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जाईल. युक्तिवादाच्या आदल्या दिवशी सांगितली तर त्याला जायला जागाच उरलेली नसते.

सत्य सांगणारा आपल्या माणसाच्या बाजूचा असूनही त्याच्याविरुद्ध बोलू शकतो काय, या अवघड प्रश्नाचे एक विलक्षण चित्र याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेल्या कथेत आहे. हिंगोलीजवळचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरेतील कथेनुसार संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन जमलेल्यांची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. दुखावलेले नामदेव ज्याच्याशी त्यांचे रोजचे बोलणे-भांडणे होते त्या विठ्ठलाकडे दाद मागायला गेले. तेथे त्यांची अपेक्षा काय होती हे उघड आहे: सगळ्यांनी नाकारले तरी आपला विठ्ठल आपली बाजू घेईल. विठ्ठलाने बाजू घेतली नाही. दिलेला निर्णय बरोबर आहे असे सांगून त्याने नामदेवांना विसोबा खेचरांकडे धाडले. ही भेट औंढा नागनाथला झाल्याचे सांगतात. ज्योतिर्लिंग मानल्या जाणाऱ्या पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा पिंड जेथे नसेल तेथे पाय ठेव म्हणून विसोबांनी सांगितले. आणि नामदेव पाय जेथे हलवत तेथे पिंड प्रकटत गेली.

या कथेचे अध्यात्म सुपरिचित आहे. तिच्यातील पहिल्या अर्ध्या भागाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. नामदेवांवर ज्याचे सर्वांत जास्त प्रेम, त्यानेच त्यांना त्यांच्याविरुद्धचा निर्णय खरा असल्याचे सांगितले, आणि सांगून तो दूर झाला नाही. पुढे कोठे जायचे तेही त्यानेच दाखवले. आपल्या माणसाची बाजू घेणे आणि त्याची समजूत खरी मानणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या झाल्या आहेत. वकिलाकडून पक्षकार बहुधा या दोन्ही गोष्टी एकत्र मागतो, आणि पक्षकाराचे हित राखायला बांधलेला वकीलही कित्येकदा त्याची समजूत राखणे म्हणजेच त्याचे हित राखणे असे मानू लागतो. न्यायालयापुढे त्याने पक्षकाराचीच बाजू लढवायची असते. बंद दाराआड मात्र विरुद्ध बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा पक्षकारासमोर त्यानेच मांडला पाहिजे, कारण तो ऐकण्याची ती एकमेव सुरक्षित जागा असते.

सत्य सांगून झाल्यावर निर्णय कोणाचा, हा शेवटचा आणि अनेकदा विसरला जाणारा प्रश्न. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निर्णय दिला, तेव्हा एक प्रमुख कारण असे दिले की, वकील पक्षकाराच्या निर्देशांनुसार वागतो आणि या नात्यात नियंत्रण पक्षकाराचे असते. या कारणाची दुसरी बाजू गंभीर आहे: ज्याला नियंत्रण करायचे त्याला माहितीच दिली नाही, तर ते नियंत्रण नावापुरते उरते. म्हणूनच लोकअदालतीत तडजोड सुचवताना, तेथे होणाऱ्या निवाड्याविरुद्ध अपील चालत नाही, हे सही घेण्याआधी सांगणे हा औपचारिकतेचा भाग मानता येत नाही.

गीतेचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सगळे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला या सर्वांचा पूर्ण विचार करून इच्छेला येईल तसे करण्यास सांगतात; स्वतःचे मत अध्यायामागून अध्याय मांडलेल्या उपदेशकाने निर्णय मात्र ऐकणाऱ्याच्या हाती ठेवला आहे. वकिलाच्या बाबतीतही सल्ला आणि निर्णय यांत हेच अंतर राहायला हवे. समजा, वसमतकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा दावा खालच्या न्यायालयात आणि जिल्हा न्यायालयातील पहिल्या अपिलातही फेटाळला गेला. आता औरंगाबाद खंडपीठापुढे, म्हणजे १९८१ पासून मराठवाड्यासाठी असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पीठापुढे, दुसरे अपील करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या शंभराव्या कलमाप्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षीदार खरे बोलला की खोटे, याची तेथे सहसा पुन्हा तपासणी होत नाही. 'वर गेलो की न्याय मिळतो' ही गावातली समजूत वकिलाने या ठिकाणी मोडलीच पाहिजे. खर्च, वेळ आणि यशाची क्षीण शक्यता साध्या भाषेत, शक्यतो लेखी, सांगितली पाहिजे. एवढे सगळे नीट समजून घेऊनही त्या शेतकऱ्याने अपील करायचेच ठरवले आणि मांडण्याजोगा एखादा प्रश्न खरोखर असला, तर पुरेशा कारणाशिवाय अंगावर घेतलेले काम सोडू नये, असे सांगणारा त्याच व्यावसायिक आचारनियमांतील बारावा नियम आणि पक्षकाराचे हित निर्भयपणे राखावे, असे सांगणारा पंधरावा नियम वकिलाला लागू होतात. मग निकालाच्या नकलेसाठी अर्ज करणे, कायद्याचा प्रश्न नेमक्या शब्दांत बसवणे आणि ९० दिवसांच्या मुदतीत अपील दाखल होईल हे पाहणे, हे काम त्याने त्याच एकाग्रतेने करायचे, जी जिंकण्याची खात्री असलेल्या प्रकरणात त्याने दाखवली असती.